भाकरीची चव आणि कापसाची तेजी

निजामाच्या अमलात माजलगावच्या बाजारात एक सटोड्या बसायचा. नाव कधी विचारलं नाही. सगळे त्याला मामा म्हणत. आम्ही तिथं कापसाची तेजी लावायचो. आधी थोडा इसार द्यायचा, मग मुदतीत भाव चढला तर माल उचलायचा, पडला तर इसारावर पाणी सोडून घरी जायचं. मधेच निम्मा सौदा काढून टाकावा का, या विचारानं आमची झोप उडायची.

मामा निवांत. गाठोडं सोडून पिठलं-भाकरी खायचा. "भाकर गोड लागली की सौदा ऱ्हाऊ द्यायचा. घास तोंडात फिराया लागला की निम्मा काढायचा. पोटाला आधी कळतंय बे."

एकदा पहिल्याच घासाला त्यानं तोंड वाकडं केलं. तसाच उठला, दलालाच्या उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून गुपचूप भाव ठरवला आणि निम्मा सौदा विकून आला. त्याच्यामागोमाग आम्हीही विकला. दिवस मावळेपर्यंत भाव चढतच गेला.

"मामा, पोटाला काय कळलं?" मी विचारलं.

त्यानं उरलेलं पिठलं पुन्हा चाखलं. "बायकू मीठ घालायची इसरलीती."

पुढच्या बाजारी त्याच्या गाठोड्यात मिठाची पुडी होती. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांच्याच होती.