वॉटरवर्क्सचा साहेब पाणी गाळून पितो

निपाणीच्या मोटारस्टँडवर मला पोचवायला अर्धी गल्ली आली होती, आणि त्यातले निम्मे लोक शिंकत होते. माझ्या जाण्याचा त्या शिंकांशी काही संबंध नव्हता. तंबाखूचा हंगाम होता, वखारींची दारं उघडी होती, आणि अशा दिवसांत आमच्या गावात रडतंय कोण नि तंबाखूच्या उग्र खाटानं बेजार कोण, हे परक्याला ओळखू येत नाही. आईचे डोळे लाल झाले होते. कशानं, ते मी विचारलं नाही. कोल्हापूरची सर्व्हिस मोटार हॉर्न वाजवत होती, तिथून आगगाडीनं पुणं, आणि पुढं कानपूर. त्या आठवड्यापर्यंत आमच्या गल्लीत कानपूरचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

आम्ही मूळचे बोरगावचे, जैन, शेतकरी. आप्पांनी निपाणीत तंबाखूची वखार घातली आणि पैसा हाताशी आल्यावर मला बेळगावच्या हायस्कुलात नि मग पुण्याला इंजिनिअरिंगला घातलं. पोरगं शिकून आलं की वखारीचं गळकं छप्पर तरी नीट करील, एवढाच त्यांचा हिशोब. पोरगं मात्र गंगेकाठच्या वॉटरवर्क्सची नोकरी घेऊन उभं राहिलं. आप्पा दोन-तीन दिवस वखारीतच जेवले. मग एका दुपारी वखारीत बसवून म्हणाले, "नोकरी काय, कुणीबी देतंय रं. उद्या काढूनबी टाकतंय. आमच्या पेठेत कसं हाय? नवा मानूस आला की जुनी मंडळी त्याला चार हंगाम बघत्यात. मग आपल्यात बसवून घेत्यात. तुमच्यात हाय काय असं काय?"

मी म्हटलं, आहे की. साऱ्या हिंदुस्थानातल्या इंजिनिअरांची एक संस्था आहे. जुन्या सभासदानं नाव सुचवायचं, स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं काम दाखवायचं, मुलाखत द्यायची. पसंत पडलो तर असोसिएट मेंबर करून घेतात.

"मग ठरलं," आप्पा म्हणाले. "त्यांनी आपल्यात बसवून घेतलं तर ऱ्हा तिकडं खुशाल. न्हाय घेतलं, तर गुमान येऊन वखारीत बसायचं." मी हो म्हटलं. पंचविशीच्या आत माणूस कशालाही हो म्हणतो.

आईची अट वेगळी. तिनं ट्रंकेत सगळ्यात वर एक जाड पांढरं कापड ठेवलं, दुहेरी शिवलेलं. पाण्याचं गाळणं. आमच्यात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत हे तुम्हा निपाणीकरांना ठाऊक आहे. पण पुढची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गाळण्यात राहिलेले बारीक जीव फेकायचे नाहीत. गाळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं ते धुवायचं आणि ते पाणी ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत परत सोडायचं. तेही वरून धबाल्कन नाही. भांडं दोरीनं पाण्यापर्यंत उतरवायचं आणि अलगद कलतं करायचं.

मोटारीच्या दाराशी आई म्हणाली, "गाळल्याबिगर थेंब तोंडात घालू नगंस. आन् राहिलेलं जिथलं तिथंच सोड. ह्या हिरीतलं त्या हिरीत टाकलं की जगत न्हाय बिचारं."

मला चेष्टा सुचली. "मग मी निपाणीच्या हिरीतला. गंगेच्या पाण्यात जगंन व्हय गं?"

आईनं डोक्यावरचा पदर सावरला. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मोटार सुटली.

कानपुरात ट्रंक उघडली तेव्हा घरमालक पंडितजी शिंकले, त्यांचा भाऊ शिंकला, पाणी घेऊन आलेला कहार शिंकला. मी एकटा मजेत होतो. पुढं महिनाभर त्या खोलीला निपाणीचा वास येत होता आणि तो गेला तेव्हा मला चुकल्यासारखं झालं. जेवणाचे हालच. मिरचीचा ठेचा मागितला तर लोणचं येई, भाकरी मागितली तर पोळी, आणि तिला रोटी म्हणायचं. दिवसा 'वॉश वॉटर', 'सँड बेड', 'आउटफॉल' बोलायचं, संध्याकाळी 'जी हाँ, पंडितजी', आणि निजताना कुणी नाही म्हणून स्वतःशीच 'लई दमलो रं आज.'

सकाळी मात्र शिस्त निपाणीची. नळाचं पाणी गाळण्यातून हंड्यात सोडायचं, गाळणं उलटं धुऊन ते पाणी एका पितळी किटलीत घ्यायचं, किटली सायकलला अडकवायची आणि कामावर जाताना घाटाच्या पायऱ्या उतरून गंगेत, म्हणजे ते पाणी जिथून नळात आलं तिथंच, सोडायची. खरं सांगायचं तर आमच्या वाळूच्या थरांतून नि औषधातून पार झालेल्या पाण्यात आईला अभिप्रेत असलेलं काही उरत नाही, हे मला पुस्तकानं शिकवलं होतं. पण शब्द पुस्तकाला दिला नव्हता.

लोकांनी या सगळ्याचा आपापल्या परीनं अर्थ लावला. ऑफिसात समज असा की दक्षिणेकडचा हा साहेब रोज किटलीभर चहा आणतो, वाटेत एकटाच पितो आणि रिकामी किटली टेबलावर ठेवतो. कंजूष म्हणून माझं नाव झालं. त्याचं मला काही वाटलं नाही. गल्लीतला अर्थ मात्र अंगाशी आला. पाणी पिण्याजोगं आहे म्हणून ऑफिसात ज्याची रोज सही होते, तोच माणूस घरी ते पाणी गाळून पितो! "वॉटरवर्क्सवाले साहब खुद छानकर पीते हैं," ही बातमी एका नळावरून दुसऱ्या नळावर गेली. बघता बघता सारा मोहल्ला पाणी गाळू लागला, मग उकळू लागला, मग नगरपालिकेत तक्रार गेली की पाण्यात काहीतरी आहे आणि अधिकारी ते लपवताहेत.

हे सगळं नेमकं माझा सभासदत्वाचा अर्ज लिहून तयार होता त्या दिवसांत. माझं नाव सुचवू शकेल असा संस्थेचा जुना सभासद माझ्या ओळखीत एकच, आमचे मुख्य इंजिनिअर घोषबाबू. आणि घोषबाबूंचा जीव त्या पाण्यात. आयुष्यभर त्यांनी शहराला पाणी पाजलं होतं. त्यांच्या हाताखालचा पोरगा ते पाणी गाळतो हे त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी माझा अर्ज सही न करता परत पाठवला. तो टेबलावर बघितला आणि मला वखार दिसू लागली. गोणपाटात बांधलेले तंबाखूचे बोद, गळकं छप्पर, आणि 'म्या म्हनलं न्हवतं?' असं तोंडानं न म्हणता नुसतं बघणारे आप्पा. गाळणं सोडलं असतं तर सगळं मिटलं असतं. तसा विचारही दोन दिवस केला. आईला कळणार थोडंच होतं! पण सकाळ झाली की हात आपोआप खुंटीवरच्या त्या कापडाकडे जाई.

तिसऱ्या दिवशी घाटावर किटली घेऊन उतरत होतो तर खालच्या पायरीवर घोषबाबू. सकाळी फिरायला आले होते.

"पाटील, इस केतली में क्या है?"

आता काय लपवायचं? म्हटलं, साहेब, तुमचंच पाणी. आणि तोडक्यामोडक्या हिंदीत आईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, सोड, मला बघू दे. मी पाण्याला किटली टेकवली आणि अलगद कलती केली.

घोषबाबूंनी वाकून ते पाणी नदीत मिसळताना बघितलं. मग एकदम एवढे मोठ्यानं हसले की स्नान करणारी माणसं वळून बघू लागली. "म्हणजे पाण्यातल्या जिवांपासून तू स्वतःला वाचवत नाहीस! तुझ्यापासून त्यांना वाचवतोस!" आणि पायऱ्या चढता चढता पुनःपुन्हा तेच म्हणत हसत राहिले. दुपारी त्यांनी अर्ज मागवून सही केली. संध्याकाळी ते स्वतः पंडितजींकडे येऊन बसले. "अरे, ये तो धरम की बात है!" पंडितजी म्हणाले, आणि जी बातमी आठवडाभरात मोहल्लाभर झाली होती ती दोन दिवसांत विरली. पंडितजींना मात्र गाळलेलं पाणी गोड लागू लागलं होतं. त्यांनी गाळणं सोडलं नाही.

मुलाखत लखनौला झाली. तिघं वयस्क सभासद, समोर मी, गळ्यात उसना टाय. स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं म्हणून दाखवायला माझ्याकडे एकच लहानसं काम होतं. वाळूचे थर धुतले की ते गढूळ पाणी पूर्वी एका नळातून उंचावरून नदीत पडे आणि काठ खचे. मी तिथं रुंद, उतरत्या दगडी पायऱ्या बांधून घेतल्या होत्या. पाणी पायरीपायरीनं शांतपणे नदीत जाई. त्यावर त्यांनी मला बराच पिळला. वेग किती, दगड कुठला, पुरात काय होईल. सगळं जमलं. शेवटी मधल्या म्हाताऱ्यानं विचारलं, नळच लांबवला असता तर स्वस्त पडलं नसतं का? पायऱ्याच का सुचल्या?

काठाचं कारण मी आधीच सांगून बसलो होतो. दुसरं काही आठवेना म्हणून खरं ते बोललो. "साहेब, आमच्या घरी पाणी वरून टाकत नाहीत." तिघांनी एकमेकांकडे बघितलं. घोषबाबूंनी तिथं आधीच काही सांगून ठेवलं होतं की काय कोण जाणे, पण म्हाताऱ्याच्या मिशीखाली हसू होतं.

महिन्याभरानं निवड झाल्याचं कळलं. मी घरी तार केली. आप्पांनी पेठेत पेढे वाटले, "तिकडच्या जाणत्यांनी आमच्या पोराला बसवून घेतलं," असं दुकानादुकानात सांगितलं आणि छप्पर दुरुस्त करायला चिकोडीचा सुतार बोलावला. घरच्या पत्रात ते छपराचं वाचून मला एकदम रडू आलं. मी जिंकलो होतो. हरलो असतो तर घरी जायला मिळालं असतं, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

तुमच्यातले जे गाव सोडून गेलात, कुणी मुंबईला, कुणी पार आफ्रिकेला, त्यांना हे सांगायला नको. आणि जे राहिलात ते म्हणता, मजा आहे बुवा तुझी. आहेच मजा! आता मी त्या संस्थेच्या बैठकांना जातो, नव्या पोरांची नावं सुचवतो. कुणी घर कुठं विचारलं तर तोंडातून अजून निपाणी येतं, आणि निपाणीत सुट्टीवर आलो की चार दिवसांत गंगेचं पाणी किती चढलं असेल याची काळजी लागते. दोन्हीकडे मी थोडा घरचा, थोडा पाहुणा. याचं आता वाईट वाटत नाही.

ते वाटेनासं कधी झालं तेही मला ठाऊक आहे. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात आप्पा नि आई कानपूरला आली. आप्पांनी भिंतीवरचं संस्थेचं सर्टिफिकेट लांबून बघितलं, जवळून बघितलं, काचेवरची धूळ धोतरानं पुसली. आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातातली किटली काढून घेतली. आम्ही दोघं घाटावर गेलो. ती गुडघे धरत सगळ्या पायऱ्या उतरली, पाण्याला किटली टेकवली, कलती केली. पलीकडे माझ्या दगडी पायऱ्यांवरून वाळू धुतलेलं पाणी नदीत उतरत होतं.

"हे तू केलंस?"

"व्हय."

"हळू सोडतोस," ती म्हणाली. रिकामी किटली पदरानं पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मानवलं रं तुला हे पाणी."

मोटारीच्या दाराशी केलेली माझी चेष्टा तिनं इतकी वर्षं जपून ठेवली होती. मी वळून बघितलं तर तिचे डोळे लाल झाले होते. आणि कानपूरच्या त्या घाटावर जवळपास कुठं तंबाखूची वखार नव्हती.