अण्णांच्या कंबरेचा फवारा

किस्से काही ठरवून गोळा करता येत नाहीत. शिलाई मशीनखाली चिंध्या साठतात, तसे ते साठतात. आपण आपलं ब्लाउज शिवत बसावं, अन् संध्याकाळी झाडायला घेतलं की टोपलंभर! त्यात माझी मशीन खिडकीला, अन् खिडकी अण्णांच्या दारासमोर. आता ह्यात माझा काय दोष?

लोक विचारतात, "काकू, तुम्हाला सगळं कळतं कसं?" अहो, मी विचारते ना!

तर मागल्या आठवड्यात ज्वारी दळायला गिरणीत गेले. माझ्यापुढं दोघी उभ्या. एक दुसरीला सांगत होती, "अगं, डोंगरात अण्णांच्या सायकलीपुढं अस्वल आलं! अन् अण्णांनी असं काही केलं, की अस्वल..."

तेवढ्यात गिरणीवाल्यानं बटण दाबलं. घर्रर्रर्र! पुढचं सगळं पिठात गेलं. गिरणी थांबेपर्यंत दोघी डबे उचलून पसार. माझं दळण झालं, पण जीव तिथंच अडकला.

आमच्या येरमाळ्यात अर्धी बातमी अर्धी राहत नाही. घरी येईपर्यंत मला तीन शेवट भेटले. चहावाला म्हणाला, "फवारा मारून आंधळं केलं अस्वलाला!" किराणावाल्यानं सांगितलं, "अस्वल बेशुद्ध पडलं, गाडीत घालून नेलं." आमचे हे म्हणाले, "अण्णाच बेशुद्ध पडले असतील."

खरं काय ते सांगतेच. पण आधी तो फवारा कळला पाहिजे.

*

अण्णा म्हणजे आमचे समोरचे. जन्मभर साखर कारखान्यात नोकरी, अन् रिटायर झाल्यावर साखर अंगात! माणूस नुसता खुर्चीत बसून राहायचा, कुणाशी बोलणं न्हाय की हसणं न्हाय. मग डॉक्टरांचं ऐकून जाड टायरची, गेअरची सायकल घेतली. हायवेला पंक्चरचं दुकान असलेले बशीरभाई त्यांचे जुने दोस्त. दर रविवारी दोघं डोंगरातल्या पायवाटांवर सायकली घालायला लागले. साखर खाली आली, अन् अण्णा शीळ घालायला लागले!

तेवढ्यात आवई उठली, डोंगरात कायतरी जनावर हिंडतंय. वैनींनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, फतवा काढला. "सायकल कळंबला, माझ्या भाच्याला देऊन टाका!"

अण्णांचा चेहरा पुन्हा खुर्चीतला झाला.

शेवटी कॅनडातली लेक मधी पडली. व्हिडिओवर म्हणाली, "आई, इथं सगळे सायकलवाले अस्वलाचा फवारा जवळ ठेवतात. मिरचीचा अर्क असतो. पण मला तो विमानातून आणता येत नाही, तिथंच मागवा."

वैनी म्हणाल्या, "विमानात चालत न्हाय, अन् तुझ्या बापाच्या कंबरेला चालतोय व्हय?"

पण तयार झाल्या. अट एकच. फवारा कायम हाताशी पाहिजे. अन् डोंगरात एकदा जरी कायतरी झालं, की सायकल कळंबला. भाचा तिकडं टपलेलाच होता.

वैनींचं नाव मी लिहीत नाही. कारण अण्णांनीच ते कधी घेतलं नाही. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांना ठसका लागला, तो आजवर गेला नाही म्हणे. "अगं ए", "ऐकलं का", एवढ्यावर संसार झाला. मग मी कशाला घेऊ?

*

फवाऱ्याचा डबा आला. फ्लास्कएवढा, वर खटका, खटक्याला सेफ्टीची क्लिप, अन् पोटावर जबडा उघडलेलं अस्वल.

अण्णांनी तो पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवला. वैनी दारात उभ्या राहिल्या अन् ओरडल्या, "अस्वल आलं!"

अण्णांनी सॅक उतरवली. टॉवेल काढला. रेनकोट काढला. भाकरीचा डबा काढला. ठेचा सांडला. मग फवारा सापडला.

वैनी म्हणाल्या, "तोवर अस्वलानं भाकरी खाऊन, ह्या टॉवेलला हात पुसले!"

मी खिडकीत इतकी हसले, की सुई बोटात गेली.

*

मग डबा सायकलच्या नळीवर, पाण्याच्या बाटलीच्या जागी बसवला. तिथं हात पटकन जातो. अण्णांचा जातोच, पण बशीरभाईंचाही गेला!

चढ संपल्यावर तहान लागलेली, डोळ्यांत घाम. हात घातला, काढला, मान वर करून तोंड उघडलं. क्लिप होती म्हणून वाचले. हाताला बाटली वेगळी लागली तेव्हा कुठं डोळे उघडून बघितलं, तर अस्वल!

"अण्णा, मैं समझा कोई ताकद का सरबत है!"

त्या दिवसापासून बशीरभाई अण्णांच्या घरी साधं पाणी प्यायच्या आधीसुद्धा पेल्यात बघून घेतात.

*

तिसऱ्या खेपेला अण्णांनी डबा हँडललाच ट्यूबच्या रबरानं आवळला. उतारावर मुरुमात चाक घसरलं, हँडल फिरलं, अन् अण्णा त्या डब्यावरच आडवे. बरगडीला हे एवढं काळंनिळं!

वैनींना सांगितलं, "दाराच्या कडीला लागलं." वैनींनी कडीकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, अन् हळद गरम करायला गेल्या.

लेकीनं मात्र व्हिडिओवर ओळखलं. "बाबा, सॅकमध्ये नको, हँडलला तर नकोच. अंगावर पाहिजे, कंबरेला. सायकल एकीकडं पडली अन् तुम्ही एकीकडं, तर डबा कुणाकडं राहील?"

मागून वैनी म्हणाल्या, "भाच्याकडं."

*

मग अण्णा माझ्याकडं आले. आमच्या ह्यांच्या जुन्या जीन्सचं मी झकास पाकीट शिवलं. पट्ट्यात ओवायचं, वर चेन. वैनी ओरडल्या, "अस्वल!" अण्णांनी चेन ओढली, तर चेनमध्ये शर्ट अडकला. अस्वल येऊन, बसून, कंटाळून गेलं असतं.

मी म्हटलं, "अण्णा, थांबा." चेन उसवून वेल्क्रोची चिकटपट्टी लावली. खर्रकन ओढलं की डबा हातात! वैनींनी सकाळ-संध्याकाळ परीक्षा घेतली. अण्णा संडासातून निघाले तरी "अस्वल!" अण्णा जेवताना घास तोंडात, तरी "अस्वल!" पार तरबेज केलं माणसाला.

आमचे हे म्हणाले, "अस्वल एखादं, अन् त्याचा धाक बारा महिने."

*

डबा खरंच चालतो का, ही अण्णांच्या मनातली खुटखुट. वैनी येडाईच्या दर्शनाला गेलेल्या बघून अण्णा गच्चीवर चढले. वाऱ्याकडं पाठ केली, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणं. खटका जरासा, अगदी जरासा दाबला. पण आमच्या गल्लीतल्या वाऱ्यानं पुस्तिका वाचली नव्हती. तो फिरला!

अण्णा जिन्यात बसून रडले. गल्ली खोकली, शेळ्या शिंकल्या, माझ्या नाकाडोळ्यांतून धार. पण कुणी विचारलंसुद्धा नाही काय झालं म्हणून! सगळ्यांना वाटलं, वैनींनी काळ्या तिखटासाठी मिरची भाजायला घेतली.

वैनी प्रसाद घेऊन गल्लीत शिरल्या, तर जो तो डोळे पुसत म्हणतोय, "वैनी, यंदा मिरची लई जोरदार! वाटीभर आम्हाला पण ठेवा."

वैनी घरात गेल्या. अण्णांचे टोमॅटोसारखे डोळे बघितले. बाहेर येऊन म्हणाल्या, "ठेवते. पण ह्या वर्षीची जरा हलकीच हाय."

*

आता खंडेनवमी. आपल्याकडं शस्त्रांची पूजा. कुणी कोयता मांडतं, कुणी ट्रॅक्टर धुतं. वैनींनी विळी मांडली, सायकल मांडली, अन् मधोमध फवारा! हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला, लाल दोरा बांधला. वैनींची गाठ म्हणजे गाठ. त्यांनी बांधलेलं पोतं चाकूशिवाय सुटत नाही.

तो दोरा गेला नेमका खटक्यावरून अन् क्लिपवरून.

अण्णांच्या लक्षात आलं होतं. पण पूजेचा दोरा तोडायचा कसा? तो आपोआप गळू द्यायचा असतो. अन् बांधणारीला कोण सांगणार? अण्णा गप्प बसले अन् रविवारी तसेच डोंगरात गेले.

अन् त्याच रविवारानंतर मी गिरणीत अर्धी बातमी ऐकली.

*

दळणाचा डबा दारात ठेवला, अन् विरजण मागायच्या निमित्तानं थेट समोर. आमच्या घरी विरजण होतं, ते सोडा.

अण्णा खुर्चीत. मान खाली. बशीरभाई बाजेवर. वैनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या, पण थापा जरा जोरातच. सायकल भिंतीला, अन् शेजारी फोन वाजून वाजून बंद झालेला. भाच्यापर्यंतही बातमी गेली होती.

मी म्हटलं, "बशीरभाई, अस्वल होतं म्हणे?"

"काय होतं खुदा जाणे, भाभी. वळणावर घाणेरीच्या जाळीत कायतरी काळं, हे एवढं! हूंऽ करून समोर आलं. मेरा तो हँडल छूट गया. पण अण्णांचा हात! खर्रकन पट्टी, डबा बाहेर!"

भाकरीची थाप थांबली.

"मग?"

"मग काय? दाबतायत, दाबतायत, खटका हलेचना! दोरा! दातानं तोडायला गेले, तोंडात झेंडू! ते काळं अजून पुढं आलं. तेव्हा अण्णांनी डबा असा वर धरला, अन् डोळे मिटून अख्खा डोंगर हलंल असे ओरडले..."

"काय ओरडले?"

बशीरभाईंनी वैनींकडं चोरून बघितलं.

"द्रौपदीऽऽऽ!"

तव्यावरची भाकरी करपली.

"वो जो पलटा ना भाभी, जाळ्या मोडत खाली नाल्यात! माझी अण्णांशी एवढ्या वर्षांची दोस्ती, पण वैनींचं नाव द्रौपदी, हे मला त्या दिवशी मालूम पडलं!"

फॉरेस्टच्या माणसानं दुपारी जाऊन माग बघितला होता. म्हणाला, अस्वल-बिस्वल नाही, रानडुक्कर आहे, पण चांगलं दांडगं. म्हणजे जनावर आलं होतं हे खरं. पळालं हेही खरं. अस्वल खोटं, अन् फवारा तर डब्यातच.

वैनी पदराला हात पुसत उठल्या. "डबा हाताशी होता ना?"

"होता," अण्णा खाली बघत म्हणाले.

"मग मला कशाला हाक मारली?"

अण्णांनी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "तेवढंच हाताशी आलं."

वैनी आत गेल्या. फोन पुन्हा वाजला, तो उचलल्याचं मला ऐकू आलं. "न्हाय रे बाबा. सायकल कुठं देतोय आम्ही? तुला कुणी सांगितलं?"

*

परवाच्या रविवारची गोष्ट. बशीरभाई कोपऱ्यावर घंटी वाजवत होते. अण्णांनी सायकल बाहेर काढली. वैनींनी कात्रीनं दोरा कापला, कुंकू पुसलं, क्लिप हलवून बघितली अन् डबा स्वतःच्या हातानं पाकिटात घातला. मग नेहमीसारखं विचारलं,

"हाताशी हाय का?"

अण्णांनी कंबरेवर थाप मारली.

"ते न्हाय. दुसरं."

अण्णांनी गल्लीत इकडं बघितलं, तिकडं बघितलं. माझ्या खिडकीकडं बघितलं. मी पटकन मशीन चालवली. मग कानाच्या पाळ्या लाल करून, अगदी हळू, त्यांनी ते म्हटलं.

माझी मशीन चालूच होती. पण सुईत दोरा नव्हता.