पोस्टर मंजुरीला गेलंय

आमच्या ऑफिसात किस्से साठतात ते फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यांसारखे. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. मग चहाच्या वेळी कोणीतरी एक उलगडतो आणि त्याच्या पोटातून दुसरा निघतो. ऐकणारे हसतात. मीसुद्धा हसते. घरी जाताना मात्र डोकं फिरलेलं असतं, हे आधीच सांगून ठेवते.

अमरावतीत राजकमल चौकापासून जवळच, एका कापडाच्या दुकानावर आमचं डिझाइनचं ऑफिस आहे. आम्ही तिघं. सर म्हणजे मालक, मी मजकूर लिहिते आणि गजूभाऊ चित्रं करतो. अवघड माहिती माणसाला एका नजरेत कळेल अशी चित्रात मांडायची, हा आमचा धंदा. त्याला इन्फोग्राफिक म्हणतात. गजूभाऊच्या गावात म्हणतात, "गजू अमरावतीले चित्रं रंगवून राह्यला."

त्याचं गाव तेल्हाऱ्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. जमिनीखालचं पाणीच खारं. नळ येईल तेव्हा खरा, एरवी हापशी. गावात त्याची आई आणि मोठा भाऊ सुनील. सुनीलच्या किडन्या गेल्या होत्या, अकोल्याला डायलिसिस चालू होतं. पाण्यामुळेच झालं असं कोणी डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हता, पण ते हापशीचं पाणी घरादारानं सोडा, असं प्रत्येक जण बजावत होता. गाव मात्र पीत होतं. गजूभाऊनं कितीही सांगितलं तरी लोक म्हणायचे, आमच्या बापानं हेच पिलं, त्याले काय झालं?

अशात एका सरकारी खात्याचं काम आमच्याकडे आलं. खात्याचं नाव विचारू नका, मला याच गावात राहायचं आहे. कोणत्या गावात कोणत्या हापशीचं पाणी पिऊ नये, त्याचं पोस्टर करायचं होतं. पाणी तपासून झालेलं, जाडजूड रिपोर्ट तयार. गजूभाऊनं त्यात सगळ्यात आधी आपलं गाव शोधलं. मारुतीच्या पारापाशी जी हापशी आहे, जिच्यावर त्याचं घर वाढलं, तिचं पाणी सगळ्यात वाईट निघालं होतं. त्यानं त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला. आपण सांगून गाव ऐकत नाही, पण सरकारी शिक्क्याचं पोस्टर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलं तर ऐकेल, असं त्याचं म्हणणं. एवढंच त्याला हवं होतं.

*

पहिला नमुना अगदी सोपा केला. पाण्याचा थेंब. चांगल्या हापशीवर निळा, वाईट हापशीवर लाल. याच्याहून सोपं काय असणार, म्हणून आम्ही आमच्यावरच खूश! लोकांना कळतं का ते बघायला गजूभाऊनं नमुना गावात नेऊन लावला.

पुढच्याच आठवड्यात सरांना सरपंचांचा फोन आला. रक्तदान शिबिर कोणत्या तारखेला ठेवलंय? जागा मारुतीच्या पारापाशीच ना? पोरं तयार आहेत, फक्त नाश्त्याचं काय ते सांगा.

गजूभाऊनं घरी फोन लावला तर आईचंही तेच. "लाल थेंब म्हनजे रगत. हे तं कोनालेही समजते बाप्पा." वर तिनं सांगितलं की गावातली मंडळी मंडप कुठे टाकायचा ते बघायला पारापाशी जाऊन आली. ऊन फार होतं म्हणून सगळ्यांनी तिथेच हापशीचं पाणी पिलं.

*

थेंब गेला. मग नकाशा आला. हिरवा म्हणजे चांगलं पाणी, भगवा म्हणजे जेमतेम, लाल म्हणजे वाईट. ट्रॅफिक सिग्नल सगळ्यांना कळतो, असा आमचा भोळा हिशोब.

खात्यातल्या साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि दार लावून घ्यायला सांगितलं. भगवा म्हणजे जेमतेम? हे कोणाच्या डोक्यातून निघालं? आणि हिरवा म्हणजे उत्तम? उद्या ऑफिसवर मोर्चा आला तर तुम्ही येणार का समोर? मी म्हटलं, मग चांगल्यासाठी निळा घेऊ. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परवाच जिल्ह्यात राहायला आलेय. पिवळ्याचं नाव मी काढलंच नाही. आमच्याकडे एकही रंग मोकळा राहिलेला नाही, प्रत्येकाला मालक आहे.

शेवटी साहेबांनी तोडगा काढला. सगळं राखाडी करा. जितकं वाईट पाणी तितकी गडद राखाडी. केलं. त्या राखाडीत राखाडी काही ओळखू येत नव्हतं. गजूभाऊनं ते घरी दाखवलं. आईनं उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे किती वर्सं उन्हात टांगलं होतं रे?"

*

रंग नाही तर आकार, असं मीच सुचवलं. प्रत्येक गावावर एक वर्तुळ. पाणी जितकं खारं तितकं वर्तुळ मोठं. साहेबांना पटलं. गजूभाऊच्या गावाचं वर्तुळ अख्ख्या तालुक्यात सगळ्यात मोठं आलं. कच्चा नमुना पाहायला म्हणून गावोगाव पाठवला.

गजूभाऊच्या गावच्या सरपंचांनी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवला. खाली लिहिलं होतं, 'तालुक्यात आपलं गाव सगळ्यात मोठं.' पुढे हात जोडलेले आणि हार.

शेजारच्या गावचे सरपंच स्टेटस पाहून थेट बोलेरो काढून अमरावतीला आले. जिना चढून दम लागलेला, तरी बसायला तयार नाहीत. त्यांच्या गावात बाजार, बँक, हायस्कूल, आणि वर्तुळ वाटाण्याएवढं? मी त्यांना पाणी दिलं आणि नीट समजावलं, की वर्तुळ मोठं म्हणजे पाणी वाईट. तुमच्या गावचं पाणी त्यातल्या त्यात बरं, म्हणून ते लहान. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. मग म्हणाले, "समजलं मॅडम, सगळं समजलं. पन थोडं तं वाढवा. लोक काय म्हनतीन?"

दोनच दिवसांत साहेबांना वरून फोन आला आणि साहेबांचा आम्हाला. वर्तुळ वाढलं. बऱ्यापैकी पाण्याचं एक गाव बसल्या जागी खारं झालं. गजूभाऊनं माऊस सोडला आणि खुर्ची मागे घेतली. "ताई, फोन केल्यानं पानी आलेलं मी आजवर पाह्यलं न्हाई. खारं झालेलं पाह्यलं."

*

फोटोंचा किस्सा सगळीकडे असतो, तसा आमच्याकडेही आहे. पोस्टर म्हटलं की वर मान्यवर येणारच. आधी एक रांग होती, मग दोन झाल्या, मग कोणीतरी सुटलं म्हणून बाजूला एक उभी पट्टी आली. प्रत्येक फोटोबरोबर नकाशा थोडा सरकत गेला. शेवटी तो काडेपेटीएवढा होऊन उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला.

पण एक कबूल करायला हवं. कोणाचा फोटो केवढा, कोण मधोमध, कोणाला कडेला टाकलं, कोणाचा या वेळी आलाच नाही, हे आमच्याकडे कोणालाही एका नजरेत कळतं. त्याला खुणांची सूची लागत नाही की प्रशिक्षण लागत नाही. एवढं शिकून, एवढी सॉफ्टवेअरं वापरून आम्हाला जे जमलं नाही ते या फोटोंना जमतं. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, आणि धंद्याच्या दृष्टीनं हेवाही वाटतो.

*

मध्येच अकोल्याला एका हॉटेलात कार्यशाळा झाली. विषय, माहिती लोकांपर्यंत चित्रातून कशी पोचवावी. पुण्याहून एक सल्लागार मॅडम आल्या होत्या. एसी हॉल, टेबलावर प्रत्येकापुढे सीलबंद पाण्याची बाटली. मॅडमनी आमचं पोस्टर पडद्यावर घेतलं आणि 'हे पाणी पिऊ नका' या ओळीभोवती गोल केला. म्हणाल्या, नकारात्मक भाषा नको, लोक दुरावतात. त्याऐवजी 'चला, पाण्याशी मैत्री करूया' असं लिहा आणि हसरं कुटुंब टाका.

त्या दिवशी सुनीलचं डायलिसिस होतं. गजूभाऊ सकाळी त्याला दवाखान्यात बसवून तसाच हॉलवर आला होता. तो उठला. मी त्याच्या शर्टाची बाही धरली, त्यानं सोडवून घेतली. "मॅडम, ज्या वावरात साप निंगते, तिथं सापाशी मैत्री करा म्हनून बोर्ड लावाचा का?"

मला वाटलं, आता लागलं यांना. मॅडम प्रसन्न हसल्या. किती छान लोकल टच आहे, म्हणाल्या, आणि ते वाक्य पुढच्या कार्यशाळेसाठी उतरवून घेतलं.

पोस्टरवर मैत्रीच आली.

*

तरी गजूभाऊनं धीर सोडला नव्हता. काडेपेटीएवढा का होईना, नकाशा आहे. त्यात आपलं गाव आहे. हसऱ्या कुटुंबाच्या चपलेखाली बारीक अक्षरात का होईना, मारुतीच्या पाराचं नाव आहे. पोस्टर मंजुरीला गेलं. शुद्धलेखन तपासून परत आलं. पुन्हा गेलं. मधल्या काळात एका मान्यवरांचं पद गेलं म्हणून फोटो काढायला परत आलं. मग साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी फाइल उघडून पहिला प्रश्न विचारला, यात रंग का नाहीत?

मी एकदा गजूभाऊबरोबर अकोल्याला सुनीलला भेटायला गेले. हात सुईला बांधलेला, चेहरा सुजलेला, पण माणूस बोलका. मी टेकायच्या आत त्यानं विचारलं, "लागलं का वो ताई आमच्या गावात पोस्टर?"

मंजुरीला गेलंय, मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तो हसला. "मंग माह्यासारखंच हाये त्याचं. एक दिवसाआड जाते अन् वापस येते."

गजूभाऊ पाणी आणतो म्हणून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. पावसाळा संपता संपता सुनील गेला. पोस्टर तेव्हाही मंजुरीलाच होतं.

*

आता शेवटचा. हा चहाच्या वेळी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आमच्याकडे माणूस गेला की स्टँडवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. वर फोटो, खाली 'शोकाकुल', आणि त्याखाली घरच्यांची, भावकीची, मित्रमंडळाची नावं. हा फ्लेक्स अख्खं गाव थांबून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतं. कोणाचं नाव आलं, कोणाचं गाळलं, हे पाहायचं असतं ना!

सुनीलचा फ्लेक्स गजूभाऊनंच केला. मदतीला कोणाला जवळ येऊ दिलं नाही, दाखवलाही नाही. तेरवीला सर आणि मी गावी गेलो तेव्हाच तो पाहिला. वर सुनीलचा फोटो होता, लग्नातला, फेटा बांधलेला. खाली 'शोकाकुल'. आणि त्याखाली एकाही माणसाचं नाव नव्हतं. गावातल्या साऱ्या हापश्या काढल्या होत्या, प्रत्येकीखाली तिची जागा. बाकीच्या लहान. मारुतीच्या पाराची मोठी, लालभडक, तिच्यावर आडवी फुली. तिच्याखाली एकच ओळ होती, 'सुनील हे पाणी पिला.'

लोक फ्लेक्सपुढे उभे राहून वाचत होते. दोन बाया पाण्याचे रिकामे गुंड कमरेवर घेऊन पाराकडे निघाल्या होत्या. त्यांनी वाचलं, एकमेकींकडे पाहिलं आणि नळाच्या टाकीकडे वळल्या.

सरपंच मात्र भडकले होते. गावाची बदनामी झाली म्हणून त्यांनी सकाळीच थेट खात्यात फोन लावला. जेवणाच्या पंगती बसायच्या आधीच गाडी आली. नवे साहेब उतरले. त्यांनी फ्लेक्स दोनदा वाचला, मोबाइलवर फोटो काढला आणि मंडपात आले. खात्याची माहिती खात्याला न विचारता लावली, असं ते म्हणाले, आणि तेही खोटं नव्हतं. सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं, "याला मंजुरी कोणी दिली?"

गजूभाऊ उठायला लागला. आईनं त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि स्वतः उभी राहिली.

"माह्या मोठ्या पोरानं देल्ली, साहेब."