नाव घातलेली वाटी

आमच्या सोसायटीतल्या तरुण चित्रकर्तीने "परत देईन" म्हणून घरोघरची एकेक वाटी नेली. काल तिच्या प्रदर्शनात त्या वाट्या दोऱ्यांना टांगलेल्या होत्या. लोक चमच्यांनी वाजवत हसत होते. वर लिहिलं होतं, 'आपण सगळे'. मी आईचं नाव घातलेली वाटी शोधत राहिले. आई गेल्यावर तिचं नाव तेवढ्या एकाच भांड्यावर उरलं होतं.

"नावं घासून टाकली, काकू. आता सगळ्या सारख्या! कुठलीही घ्या," ती म्हणाली.

वर्षानुवर्षं आमच्या वाट्या शेजारीपाजारी फिरल्या आणि नावं वाचूनच घरी परतल्या. एकोप्यासाठी कुणाचं नाव पुसावं लागलं नव्हतं.

शेजारची वाटी परत करताना आम्ही चिमूटभर साखर तरी घालतो. इतकी रिकामी वाटी आमच्या घरी कधी आली नव्हती.