ढोलाच्या आधी प्रेशर

पिरंगुटच्या डॉक्टरांनी माझं प्रेशर तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आकडा वरच. रोज एक गोळी, मीठ कमी, सकाळी चालणं आणि महिनाभर घरी सकाळ-संध्याकाळ प्रेशर मोजून वहीत लिहिणं, एवढं सगळं मी मान डोलावून ऐकलं. मग ते म्हणाले, वही बघितल्याशिवाय ढोल उचलायचा नाही. तिथं माझं डोकं फिरलं. चैत्रातली जत्रा दीड महिन्यावर आलेली, आणि आमच्या चांदे गावच्या ढोल-लेझीम पथकात मी मिसरूड फुटल्यापासून वाजवतोय. यंदा काय, पारावर बसून ऐकायचं?

मशीन मुलीनं पाठवलं. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, असं त्याच्या कागदावर लिहिलेलं. पाठ टेकणं जमलं. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आमच्या पाच खोल्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोरांना भाड्यानं दिल्यात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या गाड्या अंगणात फुरफुरायला लागायच्या. मी दंडाला पट्टा बांधलेला असतानाच खिडकीतून ओरडायचो आणि आकडा कालच्यापेक्षा मोठा यायचा. बायकोनं पोरांना जाऊन काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून ती लातूर-परभणीची पोरं आपापल्या गाड्या हातानं ढकलत, बूट न वाजवता फाटकाबाहेर नेऊ लागली आणि रस्त्यावर गेल्यावर चालू करू लागली. जाताना एकेक जण खिडकीतून हळूच मशीनकडे बघून जाई. मला रागही येई आणि हसूही.

सकाळचा आकडा उतरला. संध्याकाळचा मात्र हटून बसला. मीठ तर आम्ही सोडलं होतं. भाजीत चिमूटभरसुद्धा नाही, आणि ती अळणी भाजी घशाखाली उतरावी म्हणून तोंडी लावायला रोज दोन्ही वेळा पौडच्या बाजारातला खारा बांगडा. नवरा-बायको दोघंही इतके शहाणे! मी मशीनला शिव्या घातल्या. मग बायकोला म्हणालो, संध्याकाळचे आकडे जरा कमी करून लिही, तुझं अक्षर बरं आहे.

तिनं वही मिटली. "डाक्टरला फसवाल वो तुमी. तुमच्या रगताला कसं फसवायचं?"

त्याच संध्याकाळी तिनं बांगडा भाजण्याआधी पाण्यात भिजत टाकला, आणि काय मनात आलं, त्या पाण्यात बोट बुडवून चाखलं. मग तेच बोट माझ्या ओठाला लावलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो. उरलेला बांगडा तिनं पोरांच्या खोल्यांवर वाटून टाकला.

पहाटे आम्ही नदीच्या रस्त्यानं चालायला लागलो. मी पुढे, ती मागे, अशी सुरुवात झाली. आठवड्याभरात ती पुढे गेली. एकशे अठ्ठावन्नवर अडलेला आकडा हळूहळू एकशे तीसच्या आसपास आला.

महिन्यानं डॉक्टरांनी वही पान न् पान वाचली. वाईट आकड्यांपुढे बायकोनं कारणंही लिहिली होती: गाडीवरून ओरडले, बांगडा, बांगडा, भावकीचा फोन. डॉक्टर चष्मा काढून हसले. खरं लिहिलंय म्हणून विश्वास ठेवतो, म्हणाले. गोळी चालूच ठेवायची, आणि ढोल फक्त एक फेरी.

जत्रेच्या दिवशी देवळाभोवती ती एक फेरी मी जीव ओतून वाजवली. दम लागला नव्हता, हात आणखी मागत होते. तरी मी आपण होऊन कमरेचा दोर सोडला. ढोल कुणाला द्यावा म्हणून बघतोय, तोवर बायकांच्या घोळक्यातून आमचीच पुढे आली. तिनं पदर खोचला.

"द्या हिकडं," म्हणाली.

मला वाटलं, नुसता धरून ठेवेल. तिनं दोर कमरेला आवळला, टिपरू उचललं आणि पथकाच्या चालीत बरोबर ठेका धरला. आमच्या गावात ढोलाला आजवर कुठल्याच बाईनं हात लावला नव्हता. लेझीमवाली पोरं जराशी थबकली आणि मग दुप्पट जोरानं खेळू लागली. तीस वर्षं आमच्या पथकाचा सराव माझ्याच अंगणात चालतो. मी समजत होतो, ही आत भाकऱ्या थापतेय. ती सगळं ऐकत होती. मी रिकाम्या हातांनी उभा होतो, डोळ्यांत पाणी होतं, आणि स्वतः वाजवताना मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.