कुठला काठ

सप्टेंबर १९९४, रविवार सकाळ. हेब्बाळच्या घरी हजर: मी, वहिनी आणि अण्णाच्या संस्थेत पुण्याहून नवा आलेला गणितज्ञ. अण्णा, माझा थोरला भाऊ, नव्हता. त्याचं तेरावं आदल्या आठवड्यात उरकलं होतं.

काम एकच होतं: आम्हा भावंडांचा लेख शेवटचा वाचून छापायला पाठवणं. अण्णाच्या नावाचा तो शेवटचा. तो छापलेला बघायचा, एवढंच वहिनीनं मागितलं होतं.

लेखाचा विषय असा. एक भरीव वस्तू, तिला बाहेरून भिंत. आत पडदा ताणलेला, त्याची कड सगळीकडून भिंतीला चिकटलेली. पडद्यावर काढलेल्या बंद रेघा कुठवर सरकवता येतात, त्यावरून पडदा ओळखायचा. पहिला भाग अण्णाचा, दुसरा माझा. कच्चं काम आम्ही घरच्या मराठीत करायचो.

पुणेकरानं अण्णाच्या कच्च्या कागदावर बोट ठेवलं. "मॅडम, 'काठाला सरकणाऱ्या रेघा सोडून द्याव्यात.' काठ म्हणजे कुठला?"

"पडद्याची कड," मी म्हटलं आणि माझा भाग उघडला. तिथं मी काठ म्हणजे भिंत धरली होती.

अण्णानं सोडल्या त्या पडद्यावरूनच कडेला जाणाऱ्या रेघा. त्या निरुपद्रवी. मी मात्र पडदा सोडून वस्तूच्या आतून भिंतीला जाणाऱ्याही सोडल्या होत्या. त्या सोडून चालत नाही, आणि त्यांचा विचार कोणीच केला नव्हता.

वहिनी उपमा घेऊन आली. "साडीलासुद्धा दोन काठ असतात, वन्सं. एकमेकांना विचारायचं तरी."

"मी माझा भाग वाचून दाखवला तेव्हा अण्णा कानडीत 'सरी' म्हणाला, बरोबर आहे म्हणून."

"ते सगळ्यालाच सरी म्हणायचे. लग्नात भटजींनाही तेच."

पुणेकर हसला. मला हसू आलं नाही, रडूही नाही. उपम्यात मीठ कमी होतं, तेवढं कळलं.

"या रेघांचं काहीतरी करावं लागेल," तो म्हणाला, "नाहीतर लेख पाठवता येणार नाही."

"जमेल ना?" वहिनीनं मला विचारलं.

"बघते."

दुपारी प्रत्येक 'काठ' खोडून तिथं 'कड' किंवा 'भिंत' लिहिलं. अण्णाचं टेबल पुसलं. संस्थेची किल्ली पुणेकराबरोबर परत पाठवली. आतून भिंतीला जाणाऱ्या रेघा तेवढ्या राहिल्या. अजून राहिल्याच आहेत, आणि लेखही.