न्हावऱ्याचं बोलणं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे सगळ्या न्हावऱ्याला ठाऊक होतं. तरी शिरूरच्या एका शाळेत मी तो गिळला. सातवीची फायनल पास होऊन शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. नोकरी लागली नाही तर उन्हाळ्यात लग्न उरकायचं, असं घरात ठरलेलं. टेबलामागच्या तिघा गृहस्थांनी गाव विचारलं. "न्हावऱ्याची हाय जी," मी म्हणाले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसले. "मुलांनाही असंच शिकवणार का?" गणित माझं पक्कं होतं, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाहेर व्हरांड्यात माझे वडील, आबा, बसले होते. त्यांनी ते सगळं ऐकलं.

दौंडची मुलाखत महिन्याभराने होती. तिथल्या मोठ्या बाई केडगावकडच्या ख्रिस्ती, अंगाने किरकोळ, पण शब्दाला वजन. त्यांनी मुलाखतीला आलेल्या आम्हा चौघींना गावबिव काही विचारलंच नाही. एकेकीला तिसरीच्या वर्गात पाठवलं. धडा सगळ्यांना एकच, पाव आणि पाऊण. शाळेच्या कमिटीची माणसं मागच्या बाकांवर बसली. मी आधी छापील मराठी बोलायला गेले. पोरं हाताची घडी घालून नुसती बघत राहिली. मग मनात म्हटलं, गेली ती छापील मराठी उडत! "भाकरीचं चार चतकोर केलं, एक कुत्र्यानं न्येला. मागं ऱ्हायली किती?" वर्गात कालवा उठला. "पाऊण, बाई, पाऊण!"

नंतर कमिटीतल्या एकाने माझ्या बोलण्याचा विषय काढलाच. मोठ्या बाई म्हणाल्या, "पोरांची उत्तरं ऐकलीत ना? मग झालं तर." जागा मला मिळाली.

पुढे एकदा आबा बाजाराला दौंडला आले, ते शाळेच्या फाटकाबाहेरच उभे राहिले. मी धावत गेले.

"आत या की, आबा."

"नगं गं. म्या तोंड उघाडलं तर तुजी नोकरी जाईल."

हाताला धरून त्यांना सरळ वर्गात नेलं. मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या.

"बाई, ह्ये कोण?" एका पोरीने विचारलं.

"माजं आबा हायती," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

आबांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "राम राम, पोरांनू."